माझी हजेरी आणि अव्वाचे कान

सोमवारी सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी मी कॉलेजच्या आवारात उभा होतो आणि त्याच वेळी मी कॉलेजात नव्हतो. हे मला कुणी तोंडी सांगितलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मला ते माझ्याच फोननं लेखी कळवलं.

आमच्या संस्थेनं जूनपासून हजेरी मोबाइलवर सुरू केली आहे. गेटच्या आत यायचं, ॲप उघडायचं, फोनपुढं चेहरा धरायचा, की हिरवी खूण उमटते. त्या दिवशी हिरव्या खुणेच्या जागी लाल पट्टी आली. 'आपल्या उपकरणाची सुरक्षा कालबाह्य झाली आहे. हजेरी नोंदवता येणार नाही.'

मी ग्रंथपाल आहे. 'कालबाह्य' हा शब्द गेली सव्वीस वर्षं मीच नोंदवहीत फाटक्या पुस्तकांपुढं लिहीत आलोय. तो आपल्या चेहऱ्याखाली छापून आलेला बघायची सवय नव्हती. मी तडक प्राचार्यांच्या खोलीत गेलो.

"मॅडम, मी आलोय," मी म्हणालो.

विजयमाला मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मला दिसतंय हो, तोळनूरे सर. पण मला दिसून काय उपयोग? पोर्टलला दिसलं पाहिजे. फोन अपडेट करून घ्या. तोवर तुम्ही गैरहजर."

"मग मी लायब्ररीत बसू की घरी जाऊ?"

"बसा की! गैरहजर असलात म्हणून काम थांबता कामा नये."

मी लायब्ररीत जाऊन बसलो आणि फोन उघडला. अपडेट महिनाभरापासून दारात उभंच होतं. आता कुणीही शहाणा माणूस बटण दाबून मोकळा झाला असता, पण मला छापलेलं सगळं वाचायची खोड आहे. औषधाच्या डबीतला बारीक टायपातला कागदसुद्धा मी सोडत नाही. तर वाचलं. त्यात सुरक्षेच्या सदतीस दुरुस्त्या होत्या. पण त्या एकट्या आलेल्या नव्हत्या. त्यांच्याबरोबर अख्खी नवी आवृत्ती वऱ्हाडासारखी आली होती. नवे रंग, गोल केलेले कोपरे, हलणारी पानं-फुलं, आणि स्वतःच्या चेहऱ्याचं अस्वल बनवायची सोय. मला सदतीस दुरुस्त्या हव्या होत्या, अस्वल नको होतं. पण खाली दोनच बटणं: 'आता करा' आणि 'नंतर आठवण करा'. 'फक्त सुरक्षा द्या' असं तिसरं बटण मी वरून खाली, खालून वर शोधलं. नव्हतं.

अस्वल मी सहन केलं असतं. अडचण होती ती अव्वाच्या कानांची.

अव्वा म्हणजे माझी आई, बसव्वा. मूळची मैंदर्गीची, वय ब्याऐंशी. आम्ही घरात कन्नडच बोलतो, इथं मराठीत देतोय एवढंच. दीड वर्षापूर्वी तिला कानाचं यंत्र बसवलं. शेंगेएवढं यंत्र, त्याला बटण नाही, कळ नाही. सगळा कारभार माझ्या फोनमधल्या ॲपवर. त्यात तिच्यासाठी तीन आवाज जुळवलेले, त्यांना तिनंच नावं दिलेली: घर, बाजार आणि देऊळ. 'घर' म्हणजे मध्यम. 'बाजार' म्हणजे चारही दिशांचं सगळं. 'देऊळ' म्हणजे फक्त समोरचं, बाकी शांत. यंत्र करणारी कंपनी मध्येच दुसरीनं विकत घेतली आणि त्या ॲपकडं बघणारं कुणी उरलं नाही. कानाचे डॉक्टर म्हणालेच होते, "यंत्र उत्तम आहे, ॲप म्हातारं आहे. जपून वापरा."

आणि नव्या आवृत्तीखालच्या अभिप्रायांत नागपूरच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'अपडेट केल्यापासून आईचं कानाचं यंत्र फोनला सापडत नाही. जुन्यावर परत जाता येत नाही. काय करू?' खाली फोनच्या कंपनीचं उत्तर होतं, 'आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल आभार!' उद्गारचिन्हासकट.

म्हणजे अपडेट केलं तर अव्वा बहिरी, नाही केलं तर मी गैरहजर.

संध्याकाळी ही बातमी वरच्या मजल्यावर पोचली. आमच्या वर श्रीमंत राहतात. सांगोल्याकडचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. जगातल्या कुठल्याही यंत्राला पाना लावून बघावा, असं त्यांचं सरळ मत आहे.

"मला एक सांगा सायेब," ते आमच्या सोफ्यावर मांडी घालत म्हणाले, "गाडीचं ब्रेक गेलं. आमी लायनर बदलायचो. डेपो कदी म्हणला न्हाय की आदी गाडीला नवा रंग द्या, मग लायनर देतो. ह्यांचं काय अडतंय?"

"तेच मला कळत नाहीये."

"कळून काय करायचंय? फोनला आजची तारीख कळती म्हणून त्यो म्हणतोय सुरक्षा जुनी झाली. तारीखच मागं घ्या की! गेल्या दिवाळीची टाका. शुभ असती."

माझी बायको दाक्षायणी आतून म्हणाली, "नका हो असले धंदे करू." तिचं म्हणणं मला पुढं सहा वेळा आठवलं, पण त्या क्षणी श्रीमंतांच्या बोलण्यात मला शास्त्र दिसलं. दुसऱ्या दिवशी गेटवर तारीख मागं घेतली, चेहरा धरला, आणि हिरवी खूण! बुधवारीही तेच. मी इतका खुशीत होतो की घरी येताना श्रीमंतांसाठी शेंगाची चटणी घेतली.

गुरुवारी टेबलावर लखोटा. 'गतवर्षी लक्ष्मीपूजन व पाडवा या सुट्टीच्या दिवशी, पूर्वपरवानगीशिवाय, बंद ग्रंथालयाच्या आवारात आपण दोन दिवस काय करीत होता, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.' खाली विजयमाला मॅडमची सही.

"मॅडम, पाडव्याला मी तुमच्याकडं फराळाला आलो होतो!"

"आठवतंय की. चकल्या दोनदा घेतल्या तुम्ही." त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "पण खुलासा लेखी लागेल. आणि त्यात चकल्यांचा उल्लेख नको, माझं नाव गुंतेल."

मी खुलासा लिहिला. सव्वीस वर्षांत पहिला. 'सदर दोन दिवशी मी आवारात नव्हतो व सदर चालू आठवड्यात आहे, तथापि पोर्टलवर याच्या उलट दिसत आहे,' हे वाक्य मी चार वेळा खोडलं. ते खरं होतं, तरी वाचल्यावर माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

पण खरं सांगतो, अपमानापेक्षा मला आता कुतूहल जास्त वाटू लागलं होतं. दुरुस्ती तयार आहे. ती माझ्या फोनला लागू आहे. मग ती अस्वलाच्या गळ्यात बांधायचं कुणाला सुचलं, आणि का? शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकायला गेलो तर पोर्टल म्हणालं, 'गैरहजर कर्मचाऱ्यास अर्ध्या दिवसाची रजा घेता येत नाही.' त्यामुळं तसाच नव्या पेठेतल्या सर्व्हिस सेंटरला गेलो.

काउंटरवर काव्या नावाची मुलगी होती. घरच्यांशी फोनवर तेलुगूत बोलत होती, ते थांबवून तिनं माझा फोन हातात घेतला. उलटसुलट केला. "स्क्रीन तर चांगली आहे, सर."

"स्क्रीनचं काही नाही. मला फक्त सुरक्षा द्या. आवृत्ती नको."

"ते सेपरेट येत नाही, सर."

"गेल्या वर्षी यायचं. दर महिन्याला. मी तारखा लिहून ठेवल्यात." मी वही काढली.

तिनं वही पाहिली आणि पहिल्यांदाच नीट माझ्याकडं पाहिलं. "तेव्हा नवीन आवृत्ती आली नव्हती. नवीन आली की दुरुस्त्या फक्त नव्यावर करतात. जुन्यावर पण करायच्या म्हटलं तर प्रत्येक मॉडेलवर परत सगळं तपासून बघावं लागतं. तेवढी माणसं ठेवत नाहीत."

"म्हणजे जुन्यात कुठं भोक आहे, ते कंपनीला माहीत आहे?"

"हो."

"बुजवायचं कसं, तेही माहीत आहे?"

"हो, सर."

"पण बुजवणार नाहीत."

काव्यानं मागं वळून मॅनेजर कुठं आहे ते पाहिलं. "सर, तीन वर्षं मी इथं आहे. हे असं कुणी विचारलं नव्हतं. मलाही आधी प्रश्न पडायचा, मग पडायचा बंद झाला." ती आवाज उतरवून म्हणाली, "एक सांगू? नुसती नवीन आहे म्हणून लोक घेत नाहीत. त्यांना जुनंच बरं वाटतं. सुरक्षा म्हटलं, की घेतात. आणि सगळे नव्यावर आले, की कंपनीचा आकडा चांगला दिसतो."

"गोळी हवी असेल तर पेढा खावाच लागेल."

"तसंच."

"आणि पेढा आमच्या घरात एकीला चालत नाही."

मग मी अव्वाचं सगळं सांगितलं. तिनं मला तक्रार नोंदवायला सांगितलं, भिंतीवरच्या चौकोनी ठिपक्यांवर फोन धरायला लावला. तक्रारीचं पान उघडलं: 'ही सेवा वापरण्यासाठी कृपया आपला फोन नवीन आवृत्तीवर अपडेट करा.' काव्या ओशाळली. "हे मला माहीत नव्हतं, सर. तुमचा नंबर देऊन ठेवा, काही सुचलं तर सांगते." मी नंबर दिला आणि शेजारच्या गाड्यावर ऊन कमी होईपर्यंत उसाचा रस पीत उभा राहिलो. पराभवात उसाचा रस चांगला लागतो.

संध्याकाळी मी निर्णय घेतला. अव्वा कोपऱ्यात भाजी निवडत होती. मी आणि दाक्षायणी जेवणाच्या टेबलाशी हळू आवाजात बोलत होतो.

"मी गैरहजर राहीन," मी म्हणालो. "सेवापुस्तकात काय लिहायचं ते लिहू देत. आईचे कान जाण्यापेक्षा मुलाची हजेरी गेलेली बरी." हे म्हणताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. दाक्षायणीचे डोळे भरून येतील अशी माझी अपेक्षा होती.

"अव्वांना विचारलंय का?" ती म्हणाली.

"उगाच जिवाला घोर कशाला लावायचा तिच्या?"

शनिवारी आमच्याकडं पाणी आलं. चार दिवसांनी पाणी येतं तेव्हा आमच्या गल्लीत दुसरं काहीच होत नाही. मी फोन चार्जिंगला लावून टाकी, पिंप, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून तासाभरानं चिंब होऊन आत आलो. फोनवर एक गोल चक्र फिरत होतं, आणि अव्वा समोर खुर्ची टाकून ते बघत बसली होती.

"हे कुणी केलं?"

"मी," अव्वा म्हणाली. चौथीपर्यंतचं मराठी तिला बटणं वाचायला पुरतं. "रोज विचारतंय बिचारं, आता करू का, आता करू का. म्हटलं, कर."

"अगं, तुझं यंत्र बंद पडेल! तुला काही ठाऊक नाही..."

"सगळं ठाऊक आहे. काल मंडईतून आल्यावर मला बाजारात ठेवून तू विसरलास. तुझं नि दाक्षायणीचं सगळं ऐकलं. वरच्या श्रीमंताचंही ऐकलं." तिनं पदर सारखा केला. "माझ्या कानांची पंचायत, आणि पंचायतीत मीच नाही. म्हणून बटण दाबलं. तू कामावर जा. मी कानाशिवाय दहा वर्षं काढलीत, अजून काढीन."

चक्र फिरायचं थांबलं. फोननं नव्या रंगांत माझं स्वागत केलं. अस्वल आलं, हात हलवून गेलं. मी ॲप उघडलं. 'यंत्र सापडत नाही.' पुन्हा उघडलं. सापडत नाही.

यंत्र बंद पडलं नव्हतं. त्याहून अवघड झालं होतं. ते 'बाजार'वर अडकलं होतं. पुढचे दोन दिवस अव्वाला शेजारच्या घरातला कुकर, गल्लीतल्या रिक्षा, वर श्रीमंत काय म्हणतात, सगळं एकाच पट्टीत ऐकू येत होतं. दाक्षायणीनं बहिणीशी फोनवर बोलताना आवाज उतरवला, तर अव्वा स्वयंपाकघरातून म्हणाली, "ती साडी निळी नव्हती, मोरपंखी होती." दाण्याचं कूट करायला मिक्सर लावला, की ती यंत्र काढून मुठीत धरायची. तिचं डोकं दुखत होतं. बोलत नव्हती एवढंच.

सोमवारी मी निदान हजेरीपुरता तरी ताठ मानेनं गेटवर गेलो. सदतीस दुरुस्त्या खिशात. चेहरा धरला. लाल पट्टी. 'हे ॲप आपल्या आवृत्तीसाठी अद्याप उपलब्ध नाही. प्रतीक्षा करा.'

विजयमाला मॅडमनी पट्टी दोनदा वाचली. "गेल्या सोमवारी तुम्ही जुने होता."

"हो मॅडम."

"आणि आता नवे झालात."

"आठवड्यात एवढंच जमलं."

त्या उठल्या, लोखंडी कपाट उघडलं आणि लाल कापडी पाठीचं हजेरीपुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं. त्यांनीच जूनमध्ये ते आत ठेवून कुलूप लावलं होतं. "सही करा. मागच्या सोमवारपासून सगळ्या करा. मी साक्षीदार आहे, तुम्ही होता." एवढ्यावर मला गहिवरून आलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी काव्याचा फोन आला. "सर, आजींना घेऊन या. आणि एखादा जुना फोन असेल तर आणा. जितका जुना तितका बरा."

जुना फोन श्रीमंतांकडं निघाला. कोपरा फुटलेला, मागं रबर लावलेलं. "सून नवा देती, पर मी ह्याला सोडत न्हाय," ते अभिमानानं म्हणाले. "आन आजवर मी ह्यात कायबी अपडेट केलेलं न्हाय. जसा आला तसा हाय." मग क्षणभर थांबून त्यांनी आपलं सिम काढलं आणि फोन अव्वाच्या हातात दिला. "घ्या आज्जी. माजी गाणी तेवढी ऱ्हाऊ द्या त्यात."

काव्यानं माझ्या फोनमधलं ते म्हातारं ॲप उचलून श्रीमंतांच्या फोनवर ठेवलं आणि यंत्राशी जोडून दिलं. दहा मिनिटांत 'यंत्र सापडले'.

"पण काव्या," माझं कुतूहल काही गप्प बसेना, "हा तर माझ्याहूनही असुरक्षित. यात सदतीस सोडून किती भोकं असतील!"

"असू देत, सर. याला सिम नाही, इंटरनेट नाही, बँक नाही, हजेरी नाही. हा फक्त आजींच्या कानाशी बोलणार. बाहेरचं कुणी यात येणार कुठून? तेवढं वायफाय मात्र कधी लावू नका."

हे मला पटलं. इतकं पटलं की मी बाकड्यावरच्या इतर गिऱ्हाइकांना ते, आणि ओघानं कंपनीची अरेरावीही, समजावून सांगू लागलो. स्क्रीन फुटलेले ते लोक सभ्यपणानं ऐकत होते. तोवर अव्वा काउंटरपलीकडं काव्याशेजारी स्टुलावर जाऊन बसली होती आणि दोघी डोकं जोडून काहीतरी करत होत्या. काव्याला कन्नड येत नाही, अव्वाचं मराठी चौथीपर्यंतचं. तरी दोघींचं बराच वेळ चाललं होतं. मध्ये काव्यानं माझ्याकडं पाहून सांगितलं, "सर, तुम्ही बोलताय ते असंच बोलत राहा हं, थांबू नका." मला वाटलं, पोरीला विषयात गोडी आहे.

त्या दिवसापासून अव्वा गळ्यात दाक्षायणीनं शिवलेली पिशवी घालते आणि पिशवीत फोन. हवं तेव्हा घर, हवं तेव्हा बाजार. मिक्सर लागला की ती स्वतः देवळात जाते. परवा सहज मी विचारलं, "दीड वर्ष फोन माझ्याकडं असायचा. मी कॉलेजात गेल्यावर तू काय करायचीस?"

"सकाळी पूजेला तू देऊळ लावून जायचास. मग संध्याकाळपर्यंत देऊळ." तिनं लसूण सोलता सोलता सांगितलं. "समोर कुणी आलं तर ऐकू यायचं. कुणी आलं तर."

"सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं असतं तर तू फोन घरी ठेवून गेला असतास."

दीड वर्ष आईचे कान खिशात घालून मी लायब्ररीत जात होतो आणि लोकांना कंपनीच्या अरेरावीबद्दल बाकड्यावर व्याख्यान देत होतो. हा खुलासा मला कुणी लेखी मागितला नाही, पण मागितला असता तर काय लिहिलं असतं, कोण जाणे.

काल कॉलेजातून आलो तर अव्वा डुलकी घेत होती आणि फोन टेबलावर उघडा होता. मी सहज पाहिलं. घर, बाजार, देऊळ, आणि खाली एक चौथं: 'मग'.

"दाक्षायणी, हे बघ. काव्यानं काहीतरी अर्धवट ठेवलंय. मग? मग काय? पुढं लिहायचं राहिलंय."

दाक्षायणीनं फोन पाहिला आणि चहाची कपबशी खाली ठेवून हसायला लागली. "अहो, मराठीत काय वाचताय? कन्नडमध्ये वाचा की."

कन्नडमध्ये मग म्हणजे मुलगा. अव्वानं सांगितलं आणि काव्यानं ऐकलं तसं लिहिलं.

"तुम्ही पुटपुटल्यासारखं बोलता ना, लायब्ररीत बसून बसून," दाक्षायणी म्हणाली. "अव्वांना बाजार सोडून कुठल्याच आवाजात तुमचं नीट कळायचं नाही, आणि बाजारात डोकं दुखतं. म्हणून त्या दिवशी तुम्हाला बोलत ठेवून तुमच्यापुरता वेगळा जुळवून घेतला त्यांनी. तुम्ही आलात की त्या तो लावतात."

अव्वा जागी झाली. मला पाहून तिनं पिशवीकडं हात नेला, पिशवी रिकामी दिसली तशी हात पुढं केला. मी फोन दिला. तिनं अंगठ्यानं चौथं बटण दाबलं.

"ऊटा आतेन?" मी विचारलं. जेवलीस का. नेहमी ओरडून विचारतो, काल हळूच विचारलं.

"आतु," ती म्हणाली. "तू जेव. आणि ओरडू नकोस, ऐकू येतंय."